खुर्ची घेऊन गोव्याला जायचंय?

हॉटेलला ‘व्हीलचेअर चालते का?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: ‘हो हो, काळजी नको, आमची पोरं उचलतील!’ मला कुणी उचलायला नकोय, मला स्वतः आत जायचंय. म्हणून मी बाथरूमच्या दाराची रुंदी विचारते आणि मेजरिंग टेप लावलेला फोटो व्हॉट्सॲपवर मागवते. माझी खुर्ची 64 सेंटिमीटरची. दार 70 च्या खाली असेल तर विषय संपला. उंबरठा आणि कमोडशेजारची मोकळी जागाही फोटोत दिसली पाहिजे. रॅम्प आहे म्हणाले तर लांबी विचारा. 1 फूट उंचीला 12 फूट लांबी लागते. पायरीवर टाकलेली फळी म्हणजे रॅम्प नव्हे.

विमानात मदत हवी हे निदान 48 तास आधी कळवा. अजिबात चालता येत नसेल तर ‘डब्ल्यूसीएचसी’ हा कोड नोंदवायला सांगा, म्हणजे सीटपर्यंत नेणारी अरुंद खुर्ची येते. ‘डब्ल्यूसीएचआर’ नोंदलं तर तुम्ही पायऱ्या चढू शकता असं धरतात. आपली खुर्ची विमानाच्या दारापर्यंत नेऊ द्या, असा आग्रह धरा. उशी आणि सुटे फूटरेस्ट जवळ ठेवा, सामानात हरवतात.

मुक्काम दक्षिण गोव्यात असेल तर मोपापेक्षा दाबोळी विमानतळ जवळ.

आणि हो, टॅक्सी ठरवताना डिकीत सीएनजीची टाकी नाही ना, ते आधी विचारा. नाहीतर खुर्ची ठेवणार कुठे?