दुपारच्या उन्हावर सकाळच्या अंघोळीचं पाणी: घरच्या सोलरवर गीझर कसा चालवायचा

घरावर सोलर पॅनल लागलेत आणि गीझर मात्र अजून पहाटे साडेपाचला चालू करताय, तर आधी एवढंच बघा की तुमच्याकडे नेट मीटर आहे का. असेल तर दुपारचे जास्तीचे युनिट महावितरणच्या लाइनीत जातात आणि बिलातून वजा होतात, मग गीझर पहाटे लावला काय नि दुपारी लावला काय, युनिटचा हिशोब जवळपास तोच, त्यामुळे कुणी गीझरसाठी वेगळी महागडी सिस्टिम गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. पण बॅटरीवाली ऑफग्रिड, म्हणजे जास्तीची वीज लाइनीत न पाठवणारी सिस्टिम असेल तर बॅटरी फुल झाल्यावर दुपारची वीज वायाच जाते. खालचं सगळं त्या लोकांसाठी आहे.

आता हिशोब. एक लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला साधारण 1.16 वॅट-अवर लागतात, आणि 1000 वॅट-अवर म्हणजे एक युनिट. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा पेपरात यायला लागतो तेव्हा, पाणी 20 डिग्री धरा, ते 60 पर्यंत न्यायचं म्हणजे 25 लिटरला 1.16 युनिट आणि 50 लिटरला सव्वादोनच्या थोडं वर. 60 चं पाणी तेवढंच गार पाणी मिसळून 40 ला येतं, म्हणजे 50 लिटरच्या गीझरमध्ये चार माणसांच्या चार बादल्या आरामात निघतात. एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं, म्हणजे दोन किलोवॅटवाल्याला हे सहज परवडतं.

खरी अडचण युनिटची नाही, वॅटची आहे. बाजारातला गीझर बहुतेक 2000 वॅटचा, आणि दोन किलोवॅटच्या पॅनलमधून भर दुपारी हातात येतात दीड किलोवॅटच्या आसपास, मग उरलेलं बॅटरीतून खेचलं जातं, वर त्याच वेळी फ्रिज नि पाण्याची मोटर चालू झाली की इन्व्हर्टर ओव्हरलोडवर ट्रिप. म्हणून गीझरवाल्याकडून 1000 वॅटचा एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) टाकून घ्या. 50 लिटरला अडीच तास लागतील, लागू देत, घाई कुणाला आहे. युनिट तेवढेच लागतात.

मग टायमर. 16 अँपिअरचाच घ्या, साधा 6 अँपिअरचा प्लग वितळू शकतो. वेळ साडेअकरा ते अडीच ठेवा. तापलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकायला हवं, म्हणून 5 स्टार गीझर घ्या, तो स्टार उष्णता किती कमी निसटते यावरच मिळतो. गीझरपासून बाथरूमपर्यंतच्या पाइपला फोमची नळी चढवा, नाहीतर बाकी सगळं नीट करूनही पाण्याची उष्णता वाटेतच निसटणार. जमत असेल तर घरातल्या एक-दोघांनी संध्याकाळी अंघोळ करा, तेव्हा पाणी सगळ्यात गरम असतं.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. व्हिडिओ बघून पॅनलची वायर थेट गीझरला जोडू नका. पॅनलमधून येतो डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, आणि गीझरचा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा स्विच) एसीसाठी, म्हणजे घरच्या दिशा बदलणाऱ्या करंटसाठी बनवलेला असतो. एसीत करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून कॉन्टॅक्ट उघडताना ठिणगी लगेच विझते, डीसीत ती विझत नाही, कॉन्टॅक्ट चिकटून बसतो, गीझर बंदच होत नाही आणि आत पाणी उकळत राहतं. इन्व्हर्टरमधूनच द्या, अर्थिंग चेक करा, आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) लावा, प्रेशर व्हॉल्व्ह कधीही बूच मारून बंद करू नका.

बोअरचं पाणी असेल तर एलिमेंटवर पांढरा क्षार चढतो आणि तेच पाणी तापायला जास्त वेळ लागतो, वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या, टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर तोही बदला.

हिवाळ्यात सूर्य खाली असतो, नाशिकला डिसेंबरात ऐन दुपारीही साधारण 46-47 डिग्रीवरच, त्यामुळे उन्हाळ्यात पॅनलला न लागणारी टाकीची नि कठड्याची सावली तेव्हा लांबते, पॅनल बसवतानाच याचा विचार करा आणि तोंड दक्षिणेला ठेवा. पावसाळ्यात सलग ढग असले की टायमर बंद करून सरळ महावितरणच्या लाइटवर गीझर लावायचा, बॅटरी उपसून पाणी तापवायचं नाही.