कंपनीत कामगार कपात सुरू झाली आणि आपण नवेच लागलो असलो तर

बुटीबोरी, हिंगणघाट, नांदगाव पेठ इकडच्या कारखान्यांत कपातीची कुजबुज सुरू झाली की धडकी आधी नव्या पोरांना भरते. ती उगाच नाही. एकाच प्रकारच्या कामात जो शेवटी लागला तो आधी जातो, हा कायद्याचाच क्रम आहे. तो मोडायचा तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. म्हणून नोकरी राहते की जाते याचा घोर करण्याआधी, गेली तर हातात काय राहील ते पक्कं करा.

सुरुवात पीएफच्या पासबुकापासून. उमंग ॲपवर ते उघडा आणि आस्थापनेचं नाव वाचा. गेटवर कंपनीचा बोर्ड असला तरी पासबुकात ठेकेदाराचं नाव असेल, तर कागदावर तुमचा मालक ठेकेदार. मग भरणा पाहा. पगारातून कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हायला हवेत. दोन-तीन महिने ते दिसत नसतील, शिवाय ओव्हरटाइम बंद झाला असेल, तर नोटीस लागायची वाट पाहू नका.

दुसरी गोष्ट दिवसांची. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्षाची सलग सेवा धरली जाते (भूमिगत खाणीत १९०). पगारी रजा आणि पगारी सुट्ट्या यात मोजतात. त्यानंतर कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. २४० च्या तोंडावर ‘थोडा ब्रेक घे, मग परत ये’ असं सांगतात ते यामुळेच. हजेरी कार्डाचा दर महिन्याला फोटो काढा, पगाराच्या पावत्या जपा. नियुक्तिपत्र मिळालं नसेल तर लेखी मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार (केंद्राचे नवे कामगार कायदे) ते द्यावंच लागतं. कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे कामाचे मेसेज आजच जपून ठेवा, कारण काढताना आधी ग्रुपमधून काढतात.

सगळ्यात जास्त पोरं फसतात ती राजीनाम्यावर. ‘रेकॉर्ड खराब नको, राजीनामा दे, हिशेब लगेच करतो’ हे वाक्य ऐकलं की पेन खाली ठेवा. राजीनामा दिला की ती कपात राहत नाही आणि भरपाईचा हक्क जातो. हिशेबासाठी राजीनामा लागतच नाही: काढलं काय, सोडलं काय, थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नको. पैशांची निकड असून पावतीवर सही करावीच लागली, तर सहीखाली ‘हक्क राखून रक्कम स्वीकारली’ असं लिहा आणि फोटो घ्या. काढलंच तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मुदत दोन वर्षांची आहे, पण साक्षीदार सहकारी तेवढे थांबत नाहीत.

‘सुपरवायझर’ पद आनंदानं घेताना एक बघा. महिना १८,००० रुपयांवर पगार आणि काम खरंच देखरेखीचं, तर हे संरक्षण लागू होत नाही. नुसतं नाव सुपरवायझर आणि दिवसभर मशीनवर उभे, असं असेल तर काम काय करता ते मोजलं जातं.

पैशांचं गणित गावाच्या हंगामाशी जोडा. जूनमध्ये पेरणीला पैसा जातो आणि कापूस दसरा-दिवाळीशिवाय घरी येत नाही, म्हणजे तेवढे चार-पाच महिने घरूनही मदत नाही. रूमभाडं, मेस आणि गाडीचा हप्ता मिळून तीन महिन्यांची रक्कम मे अखेरपर्यंत बाजूला हवी. तुमच्या पगाराच्या भरवशावर कृषी केंद्रातून बियाणं-खताची उधारी घरच्यांना काढू देऊ नका. नवी गाडी तर या दिवसांत नकोच.

नोकरी सुटल्यावर पीएफमध्ये सोडल्याची तारीख भरली का ते तपासा. मालकानं भरली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर ती स्वतः टाकता येते.