मुलांना हुरड्याचे थालीपीठ शिकवताना

सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास मंडईत कोवळा हुरडा आणि मेथीच्या जुड्या एकाच वेळी येतात. आठ-दहा वर्षांच्या मुलांना स्वयंपाक शिकवायचा असेल, तर सुरुवात याच दिवसांत करावी. ‘गॅसविना पाककृती’ म्हणून बिस्किटांवर चॉकलेटचा थर देण्यात पोषणही नाही आणि शिक्षणही नाही. मुलांना खरे पीठ आणि खरा तवा द्यावा, मोठ्या माणसाने मात्र शेजारून हलू नये.

दोन वाट्या हुरडा मिक्सरमध्ये जाडसर वाटून घ्यावा. त्यात वाटीभर ज्वारीचे पीठ, मूठभर चिरलेली मेथी, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ, ओवा, हळद आणि मीठ घालावे. निवडणे, मोजणे, कालवणे हे सारे मुलांनीच करावे. ठेचा तेवढा मोठ्यांनी घालावा, कारण मिरचीचा हात डोळ्याला लागला की त्या दिवसाचा वर्ग तिथेच संपतो.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ज्वारीचे कोरडे पीठ हुरड्यात घालण्याआधी थोड्या कढत पाण्यात मोठ्यांनी चमच्याने कालवावे आणि कोमट झाल्यावर हुरड्यासह मुलांकडे मळायला द्यावे. ‘सैल ठेवा, थापायला सोपे जाते’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. मिठामुळे मेथीला पाणी सुटते आणि घट्ट वाटणारा गोळा पाच मिनिटांत आपोआप सैलावतो. आधीच सैल असलेला गोळा मात्र उचलताना तुटतो.

खरी परीक्षा थापण्याची आणि त्याहून अधिक तव्यावर टाकण्याची. प्लॅस्टिकच्या पिशवीवर थापायला मुलांना मुळीच शिकवू नये, कारण पिशवीची कड तापलेल्या तव्याला लागताच वितळते. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा रुमालाएवढा तुकडा ओला करून घट्ट पिळावा. आपल्याकडे घरोघरी टॉवेल असले, तरी ते इथे कामाचे नाहीत. त्यांच्या फासांत पीठ अडकते. लिंबाएवढाच गोळा घ्यावा, बोटे पाण्यात बुडवून मध्यापासून कडेकडे दाबत जावे आणि हाताऐवजी कापड फिरवावे. कडेला चीर पडली की ओल्या बोटांनी ती लगेच चिमटून मिटवावी. थालीपीठ तळहाताएवढे झाले की थांबावे. मोठे थापण्याची हौस मुलांना असतेच, पण ती पुरवू नये.

आता कापड उलटायचे. तवा तापलेला असला की वाफ हाताला लागते, मूल घाबरून कापड वरूनच सोडते आणि थालीपीठ दुमडून पडते. ‘सवयीने जमेल’ असे म्हणून मुलाला पुन्हा पुन्हा तापल्या तव्यापुढे उभे करणे मला अजिबात मान्य नाही, कारण त्यातून सवय होत नाही, भीती बसते. त्याऐवजी तेलाचा हात फिरवलेला थंड तवा ओट्यावर ठेवावा. मुलाने कापडाची समोरची दोन टोके धरून थालीपीठ अलगद उपडे टाकावे, कापडावरून तळहात फिरवावा आणि एका कडेपासून कापड आडवे सोलत न्यावे. सरळ वर ओढले की मधला भाग कापडाबरोबर येतो. कापड निघत नसेल तर त्यावर पाण्याचा हबका मारावा. मग मधोमध भोक पाडून तवा गॅसवर चढवावा. दुसऱ्या थालीपिठासाठी दुसरा थंड तवा हवाच. तापलेला तवा नळाखाली धरण्याचा उतावीळपणा करू नये. थंड तव्यावर कापड न अडखळता सुटू लागले, की मगच मुलाला कोमट आणि पुढे तापलेल्या तव्याकडे न्यावे.

भोकात आणि कडेने तेल सोडून, झाकण ठेवून मध्यम आचेवर दोन्ही बाजू भाजाव्यात. उलथने आधी मोठ्यांच्या हाती असावे.

तोवर मुलांनी डाळिंबाचे दाणे, किसलेले गाजर आणि दही यांची कोशिंबीर करावी. शेंगाची चटणी घरात असतेच. थालीपीठ शाळेच्या डब्यात द्यायचे असेल, तर आधी जाळीवर पूर्ण निवू द्यावे, नाहीतर ते डब्यात वाफ धरून ओलसर होते.