मिस्टिंगचं जादा पाणी आपोआप बाहेर

इग्वाना या पाळीव सरड्याच्या पिंजऱ्यात मिस्टिंग, म्हणजे पाण्याचा बारीक फवारा, चालू ठेवलं की तळाशी डबकं होतं. कोल्हापुरात उन्हाळ्यात ते सुकतं तरी. जुलैची झड लागली की वास, बुरशी आणि चिलटं. स्पंजनं टिपत बसू नका. आपल्याकडे उसाच्या ठिबकचं सामान कुठंही मिळतं, तेच वापरा.

तळाच्या प्लॅस्टिक ट्रेला एका कोपऱ्यात ग्रोमेटच्या (भोकात बसणाऱ्या रबरी कड्याच्या) मापाचं भोक पाडा. त्यात ग्रोमेट, मग टेकऑफ (नळी जोडायचा प्लॅस्टिकचा तुकडा), मग 16 मिमीची नळी आणि खाली बादली. भोकाच्या समोरच्या कोपऱ्याखाली एक-दोन सेंटीमीटरची फळी सरकवा, म्हणजे उतार मिळतो. टेकऑफचं टोक आत थोडं वर राहतं, तेवढं पाणी साठणारच. त्यामुळे प्राणी बसतो तो तळ जाळीवर उचलून घ्या. भोकावरही बारीक जाळी हवी, नाहीतर पाला अडकतो.

खरी गोम नळीत असते. मध्ये कुठं झोळ पडला किंवा टोक बादलीतल्या पाण्यात बुडालं, की हवा अडकून पाणी तुंबतं. टोक पाण्याच्या वरच ठेवा.

ट्रेऐवजी पिंजऱ्याचा तळच काचेचा असेल आणि ती काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असेल तर ड्रिल लावूच नका, अख्खी फुटते. आणि बादलीतलं पाणी पुन्हा फवाऱ्यात नको. विष्ठेतून साल्मोनेला हा रोगजंतू येतो.