कानकूनला खासगी जेटने जायचे असेल तर: आखणी जमिनीपासून सुरू करावी

मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर खासगी जेटने जाण्याचा बेत ठरला की बहुतेक मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "विमान कोणते घ्यायचे?" चार्टर, म्हणजे पूर्ण भाड्याने घ्यायची, विमाने ठरवून देण्याच्या कामात काही वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न चौथ्या क्रमांकाचा आहे. मुक्काम कुठे, तारखा कोणत्या आणि प्रवाशांच्या हातात कोणती कागदपत्रे आहेत, या तीन गोष्टी आधी ठरल्या तर विमान जवळपास आपोआप ठरते. त्या ठरवल्या नाहीत तर कितीही उत्तम विमान घेतले तरी ते नको त्या विमानतळावर उतरते किंवा पार्किंगविना परत पाठवावे लागते.

मुक्कामापासून सुरुवात करू. "कानकून" हा शब्द लोक फार सैल अर्थाने वापरतात. सरकारने १९७० च्या सुमारास आखून वसवलेले हे शहर आणि त्याची ७ च्या आकड्यासारखी दिसणारी हॉटेलांची पट्टी हा किंताना रो राज्याच्या किनाऱ्याचा फक्त उत्तरेकडचा भाग आहे. तिथून महामार्ग ३०७ ने दक्षिणेकडे निघाले की प्लाया देल कार्मेन लागते आणि त्याच्याही पुढे तुलुम. कानकूनच्या विमानतळावरून हॉटेल पट्टी अर्ध्या तासाच्या आत येते, प्लाया देल कार्मेन सुमारे ५५ किलोमीटरवर आहे, तर तुलुम जवळपास १२० किलोमीटरवर. आणि सुट्टीच्या हंगामात या शेवटच्या टप्प्याला दोन तास सहज लागतात. मायामीहून कानकूनचे उड्डाण साधारण दीड तासाचे असते हे लक्षात घेतले, तर हवेत वाचवलेला वेळ गाडीत बसून घालवण्याचा प्रकार किती सोपा आहे हे कळेल.

म्हणून विमानतळ मुक्कामावरून निवडावा. कानकूनचा विमानतळ सर्वांत मोठा आहे, त्याला दोन समांतर धावपट्ट्या आहेत आणि मोठ्यात मोठे खासगी जेट तिथे विनासायास उतरते. पण वर्षाला तीन कोटींच्या घरात प्रवासी हाताळणाऱ्या त्या विमानतळावर तुमचे विमान हे रांगेतले एक विमान असते. तुलुमचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. त्याची धावपट्टी ३,७०० मीटरची आहे आणि दक्षिणेकडच्या रिसॉर्टमध्ये उतरणाऱ्यांना तो फार सोयीचा पडतो. मात्र तो लष्कराच्या अखत्यारीतली कंपनी चालवते, त्यामुळे खासगी विमानांच्या सेवेच्या वेळा आणि इंधनाची व्यवस्था यांबाबत स्थानिक हँडलरकडून, म्हणजे विमानतळावर विमानाची सेवा पाहणाऱ्या कंपनीकडून, लेखी उत्तर आल्याशिवाय मी तिथले उड्डाण पक्के धरत नाही. तिसरा पर्याय कोसुमेल बेटाचा. तिथून प्लाया देल कार्मेनला फेरीबोटीने पाऊण तास लागतो, त्यामुळे सामानसुमान घेऊन पलीकडे जायचे असेल तर हा मार्ग कंटाळवाणा आहे. पण मुक्काम बेटावरच असेल तर याहून शांत आगमन नाही. शिवाय उन्हाळ्यात सरगॅसम नावाचे तपकिरी समुद्रशैवाल मुख्य किनाऱ्यावर ढिगांनी येऊन पडते, तेव्हा कोसुमेलची पश्चिमेकडची बाजू बहुधा स्वच्छ राहते, हेही निवड करताना ध्यानात ठेवावे.

तारखांचा प्रश्न म्हणजे पार्किंगचा प्रश्न. नाताळ ते नववर्ष, मार्चमधली अमेरिकी महाविद्यालयांची सुट्टी आणि ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा या तीन काळांत कानकूनच्या खासगी विमानांच्या आवारात जागा मिळेलच असे गृहीत धरू नये. जागा नसली की विमान प्रवाशांना उतरवून तासाभरात निघते आणि मेरिदासारख्या दुसऱ्या विमानतळावर किंवा सरळ आपल्या तळावर परत जाते. परतीच्या दिवशी ते पुन्हा रिकामे येते. या रिकाम्या फेऱ्यांचे पैसे ग्राहकाच्याच बिलात लागतात. उलट विमान तिथेच थांबवले तर वैमानिकांचा मुक्काम, पार्किंग आणि अनेक ऑपरेटर (विमान चालवणाऱ्या कंपन्या) धरतात तो रोजच्या किमान उड्डाणतासांचा आकार भरावा लागतो. माझा ढोबळ हिशेब असा आहे: तीन रात्रींपर्यंत विमान थांबवणे बहुधा परवडते, आठवड्याभराच्या मुक्कामाला दोन स्वतंत्र एकेरी उड्डाणे स्वस्त पडतात, आणि मधल्या मुक्कामासाठी दोन्ही दर मागवून ताडून पाहावेत.

आता विमान. मायामीहून कानकून सुमारे ८५० किलोमीटर आणि ह्यूस्टनहून सुमारे १,३०० किलोमीटर आहे. ही अंतरे फेनॉम ३०० किंवा सायटेशन सीजे३ सारख्या हलक्या जेटच्या सहज आवाक्यातली आहेत. न्यूयॉर्क किंवा टोरंटोहून अंतर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास जाते. तेही हलक्या जेटला जमते, परंतु सगळ्या जागा भरलेल्या, समोरून वारा आणि पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन राखीव, अशा स्थितीत वाटेत इंधनासाठी उतरावे लागू शकते. लॉस एंजेलिसहून येणाऱ्यांनी चॅलेंजर ३५० च्या वर्गातले मोठे विमान घ्यावे. पण माझ्या पाहण्यात गणित अंतरावर क्वचितच फसते. ते फसते सामानावर. आठ आसनांचे विमान म्हणजे आठ माणसे, आठ मोठ्या बॅगा आणि चार गोल्फचे संच, असे लोक धरून चालतात. हलक्या जेटचा सामानाचा कप्पा सत्तर-ऐंशी घनफुटांचा असतो आणि त्याचे दार त्याहून अडचणीचे. एकदा एका गटाच्या गोल्फच्या टणक पेट्या त्या दारातून आडव्या, उभ्या, तिरक्या करूनही जाईनात; शेवटी काठ्या बाहेर काढून कापडी पिशव्यांत भराव्या लागल्या आणि रिकाम्या पेट्या धावपट्टीकाठच्या टर्मिनलवरच राहिल्या. तेव्हापासून मी प्रत्येक मोठ्या नगाची लांबी-रुंदी आधी मागवतो. ग्राहकांना ते किरकिरे वाटते, पण दुसरा इलाज नाही.

करारपत्र वाचताना दोन पक्ष वेगळे ओळखावेत. ब्रोकर विमान शोधून देतो आणि ऑपरेटर ते उडवतो. अमेरिकेत २०१९ पासून लागू असलेल्या नियमांनुसार ब्रोकरने ऑपरेटरचे नाव ग्राहकाला सांगणे बंधनकारक आहे. ते नाव मिळाले की त्या ऑपरेटरकडे व्यावसायिक चार्टरचे प्रमाणपत्र आहे का, आर्गस किंवा वायव्हर्नसारख्या संस्थांनी त्याची सुरक्षा-तपासणी केली आहे का, आणि मेक्सिकोत व्यावसायिक उड्डाणे करण्याची त्याची परवानगी चालू आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. कोणी ओळखीचा मालक "माझे विमान घेऊन जा, फक्त इंधनाचे पैसे द्या" म्हणाला, तर तो व्यवहार बेकायदा चार्टर ठरण्याचा आणि विमा निरुपयोगी होण्याचा धोका असतो. दरपत्रकात मेक्सिकोतले उतरण्याचे शुल्क, हँडलिंग, कस्टम्सचा जादा वेळ आणि अमेरिकेचा दरडोई आंतरराष्ट्रीय कर धरला आहे की नंतर जोडला जाणार आहे, हेही पाहावे. देशांतर्गत चार्टरवर लागणारा ७.५ टक्के कर इथे लागत नाही. त्याऐवजी प्रत्येक प्रवाशामागे ठरावीक रक्कम लागते, जी २०२४ मध्ये २२.२० डॉलर होती.

विमानाच्या परवानग्या हे ऑपरेटरचे काम आहे, तरी काय चालले आहे हे ठाऊक असावे. मेक्सिकोची नागरी उड्डाण यंत्रणा, म्हणजे आफाक, व्यावसायिक आणि खासगी उड्डाणांना वेगवेगळ्या परवानग्या देते. स्वतःच्या मालकीच्या विमानाने जाणाऱ्यांना मेक्सिकोतल्या विमा कंपनीची दायित्व पॉलिसी लागते. घरची पॉलिसी कितीही मोठी असली तरी ती पुरत नाही. पहिले उतरणे प्रवेशाच्या अधिकृत विमानतळावरच व्हायला हवे. परदेशी चार्टरला मेक्सिकोतल्या दोन शहरांमध्ये स्थानिक प्रवासी नेता येत नाहीत, म्हणून "वाटेत मेक्सिको सिटीहून दोन मित्रांना घेऊ" असले बेत शेवटच्या दिवशी काढू नयेत. फ्लोरिडाहून निघणाऱ्या विमानाचा मार्ग क्युबाच्या आकाशातून काढायचा असेल तर तिथली परवानगी वेगळी घ्यावी लागते.

खरी काळजी प्रवाशांच्या कागदांची. भारतीय पासपोर्टधारकांकडे अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा कायम वास्तव्याचे कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. कॅनडा, ब्रिटन, जपान आणि शेंगेन देशांच्या व्हिशालाही ही सवलत आहे. घोळ होतो तो अमेरिकेत एच-१बी वर काम करणाऱ्यांचा. कामाची मुदत वाढवून मिळालेली असते, पण पासपोर्टवरच्या व्हिशाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असते. तीस दिवसांच्या आतल्या मेक्सिको प्रवासानंतर अमेरिका अशा माणसाला ठरावीक अटींवर परत घेते, म्हणून तो निर्धास्त असतो. परंतु मेक्सिकोच्या दृष्टीने त्याच्याकडे वैध अमेरिकी व्हिसा नसतो, आणि अडचण जातानाच उभी राहते. गटात युरोपीय पाहुणे असतील तर उलट बाजूचा धोका असतो. व्हिसामाफीच्या योजनेतून अमेरिकेत येण्याची मुभा त्या योजनेत करारबद्ध असलेल्या विमान कंपन्यांपुरतीच आहे, त्यामुळे करार नसलेल्या खासगी विमानातून परतताना त्यांना प्रत्यक्ष व्हिसा लागतो. ही गोष्ट अनुभवी प्रवाशांनाही माहीत नसते.

प्रवाशांची यादी दोन्ही देशांच्या यंत्रणांना उड्डाणापूर्वी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवावी लागते. अमेरिकेकडे ती खासगी विमानाने निघताना आणि परतताना किमान एक तास आधी पोचायला हवी. यादीतले नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. मराठी नावांची इथे नेहमी पंचाईत होते. कोणाच्या पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधल्या जागी असते, कोणाचे आडनावाच्या रकान्यात पूर्ण नाव असते, तर कोणाचा आडनावाचा रकानाच कोरा असतो; आणि ग्राहक मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर "सुनीताताई आणि दोन मुले" एवढेच पाठवतात. म्हणून टाइप केलेली नावे न स्वीकारता पासपोर्टच्या फोटोच्या पानाची स्पष्ट प्रत मागवावी आणि खालच्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींवरून नाव उतरवून घ्यावे. किंताना रो राज्य परदेशी पर्यटकांकडून २०२१ पासून व्हिसिटॅक्स नावाचा कर घेते. तो ऑनलाइन भरून पावती फोनमध्ये ठेवावी. सामानात ई-सिगारेट नेऊ नये, कारण ती देशात आणण्यास मनाई आहे. शिकारीच्या जुन्या पिशवीच्या खिशात विसरलेले एखादे काडतूसदेखील तुरुंगापर्यंत नेऊ शकते, तेव्हा पिशव्या घरीच झटकून पाहाव्यात.

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये विल्मा याच किनाऱ्यावर ठाण मांडून बसले होते आणि जुलै २०२४ मध्ये बेरिल तुलुमजवळ धडकले. वादळ येणार असे दिसले की ऑपरेटर आपले विमान आधी हलवतो, आणि तेव्हा प्रवाशांना घेऊन हलवतो की रिकामे, हे करारातल्या एका वाक्यावर अवलंबून असते. ते वाक्य या महिन्यांत जाणाऱ्यांनी शोधून वाचावे. सापडले नाही तर घालून घ्यावे.

परतीची आखणी जाण्याच्या आखणीइतकीच बारकाईने करावी. दक्षिणेकडून येणाऱ्या खासगी विमानाला, विशेष सूट घेतली नसेल तर, अमेरिकेच्या सीमेजवळच्या ठरवून दिलेल्या विमानतळांपैकी एकावर आधी उतरून कस्टम्स करावे लागते, आणि अधिकाऱ्यांची वेळ आधी मागून घ्यावी लागते. न्यूयॉर्कला थेट पोचू असे गृहीत धरून संध्याकाळचे कार्यक्रम ठेवणाऱ्यांची इथे फजिती होते. विमानात उरलेली फळे आणि मांसाचे पदार्थ बाहेर काढता येत नाहीत. सोबत कुत्रा असेल तर ऑगस्ट २०२४ पासून तो किमान सहा महिन्यांचा, मायक्रोचिप बसवलेला असावा लागतो आणि त्याला अमेरिकेत आणण्याचा अर्ज भरल्याची पावती दाखवावी लागते. घड्याळाचाही एक घोळ आहे. किंताना रो २०१५ पासून वर्षभर एकच वेळ पाळते, त्यामुळे हिवाळ्यात कानकून आणि मायामीची घड्याळे जुळतात, पण मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळे पुढे गेली की कानकून एक तास मागे पडते. हा रविवार नेमका गर्दीच्या सुट्टीत येतो. कस्टम्सची वेळ मायामीच्या घड्याळाने मागितलेली असते आणि हॉटेलची गाडी कानकूनच्या घड्याळाने येते, म्हणून त्या आठवड्यातल्या प्रत्येक निरोपात वेळेपुढे गावाचे नाव लिहावे.