जुनं पंप पिस्तूल रिसील करताय? या चुका टाळा

दहा मीटर एअर पिस्तूल नुकतं सुरू केलेल्या मुलामुलींच्या घरी दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालणारं नवीन मॅच (स्पर्धेचं) पिस्तूल लगेच परवडत नाही. मग कुणाचं तरी वापरलेलं, लिव्हरच्या एका स्ट्रोकमध्ये (एकदा उघडून बंद करताना) हवा भरणारं पिस्तूल घेतलं जातं. बायकलचं आयझेडएच-४६एम, फाइनवेर्कबाऊचं मॉडेल १००, वाल्थरचं एलपी ३. माझ्या मते हा निर्णय अगदी योग्य आहे. यांच्या बॅरलला नीट सांभाळलं तर पिढी बदलली तरी काही होत नाही. जातं ते आतलं रबर, म्हणजे हवा अडवणारं सील. ते बदलणं म्हणजे रिसील करणं. आणि रबर स्वस्त असतं. महाग पडतो तो रबर बदलताना केलेला धसमुसळेपणा. त्याच त्या चुका केलेली पिस्तुलं दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर येत राहतात, म्हणून हे लिहितोय.

गळती कुठे आहे हे न बघताच पिस्तूल उघडणं

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. "हवा धरत नाही" एवढं ऐकलं की लोक थेट पिन ठोकायला घेतात. अरे, पण हवा जाते कुठून? एका स्ट्रोकच्या पिस्तुलात ती तीन ठिकाणांहून जाऊ शकते आणि तिन्हींची लक्षणं वेगळी असतात.

आधी ब्रीच (बॅरलचं मागचं तोंड) उघडून, डोळ्यांनी बघून खात्री करा की आत पेलेट, म्हणजे छर्रा नाही. डोळ्यांवर चष्मा, पिस्तुलाचं तोंड पेलेट ट्रॅपकडे, म्हणजे छर्रे अडवणाऱ्या पेटीकडे. पेलेट नसला तरीही.

आता लिव्हर पूर्ण उघडून हळूहळू बंद करत आणा आणि साधारण दोन तृतीयांश अंतरावर हातानं घट्ट धरून थांबा. आतली हवा लिव्हरला मागे ढकलत असते. दहा सेकंद तो जोर तसाच राहिला तर पिस्टनचं, म्हणजे हवा दाबणाऱ्या दट्ट्याचं सील ठीक आहे. जोर ओसरत गेला किंवा मुळात जाणवलाच नाही, तर दोष बहुधा पिस्टनच्या सीलचा. ही चाचणी करताना लिव्हर हातातून सोडायची नाही. ती फटकन उघडते, बोटं सोलवटतात आणि सांध्याची पिन वाकते.

लिव्हर शेवटी चांगली जड लागते, पण मिनिटभर थांबून उडवलं की शॉट मेल्यासारखा येतो? मग हवा बहुधा व्हॉल्व्हमधून, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत हवा अडवणाऱ्या झडपेतून जाते आहे. शांत खोलीत हवा भरल्यावर बारीक सुस्कारा ऐकू येतो.

हवा टिकते, आवाजही बरा येतो, तरी पेलेट खाली लागतो? ब्रीचच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पातळ पट्टी चिकटवा आणि एक रिकामा, पेलेटविना शॉट घ्या. पट्टी फडफडली तर ब्रीचची ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी गेली. ती बदलायला बहुतेक पिस्तुलांत आतलं काहीच उघडावं लागत नाही. एवढ्या कामासाठी अख्खं पिस्तूल मोकळं करून आणलेले पालक मी बघितले आहेत. सुटे भाग पिशवीत आणि ट्रिगरची स्प्रिंग घरातच कुठेतरी हरवलेली. पाच मिनिटं थांबून पट्टी चिकटवायचा धीर नसेल, तर रिसीलिंग हे तुमचं काम नाही.

जुन्या ओ-रिंगचं माप घेऊन नवीन आणणं

यावर मी थोडं लांबण लावणार आहे, कारण या चुकीनं चांगली पिस्तुलं कायमची बिघडतात.

सांगलीकडच्या एका मुलानं वापरलेलं पिस्तूल घेतलं. विकणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं की सील नवीन टाकलंय. मुलगा सरावाला आला तो लिव्हर मांडीवर टेकवून, अंगाचं वजन टाकून बंद करत होता. म्हटलं, "इतकी जड का?" तर म्हणाला, "सर, सील नवीन आहे ना, म्हणून." हवा मात्र टिकत नव्हती. दर पाच-सहा शॉटनंतर पेलेट काळ्या गोलाच्या खाली उतरायचे, आणि त्याला वाटायचं आपलाच हात खाली पडतोय. तेवढ्यासाठी त्यानं पकडसुद्धा बदलली होती.

उघडल्यावर सगळा उलगडा झाला. खाचेत बसवलेली रिंग २.६२ मिलिमीटर जाडीची, म्हणजे इंची मापाची. खाचेच्या तळापासून सिलिंडरच्या भिंतीपर्यंतचं अंतर २ मिलिमीटर. जुनी रिंग झिजून चपटी झालेली असणार. चपट्या रिंगेवर व्हर्निअर कुठे लावला त्यावर माप बदलतं. दुकानदारानं जवळची म्हणून ही दिली असणार. आता हिशेब करा: ०.६२ मिलिमीटर दाबली गेली, म्हणजे जवळपास २४ टक्के. सरकणाऱ्या सीलला हे फार झालं. इथे २.४ मिलिमीटरची रिंग हवी होती. ती ०.४ म्हणजे सतरा टक्क्यांच्या आत दाबली जाते, हवाही धरते आणि सरकतेही. टेबलावर शेजारी ठेवल्या तर दोन्ही रिंगा नवशिक्याला सारख्याच दिसतात.

जबरदस्तीनं कोंबलेली ती रिंग पिनच्या भोकावरून जाताना एका बाजूनं सोलली होती. हवा तिथून जात होती. आणि जड लिव्हर रोज रेटल्यामुळे सांध्याची पिन वाकून भोक लांबट झालं होतं. रिंग काही रुपयांची. पिन आणि भोक दुरुस्त करायला लेथवाल्याकडे जावं लागलं. पोराचा स्पर्धेआधीचा सराव बुडाला तो वेगळाच, आणि त्याची भरपाई कुठल्या दुकानात मिळत नाही.

म्हणून खाच मोजा. खाचेच्या तळाचा व्यास, खाचेची रुंदी, सिलिंडरचा आतला व्यास. ही तीन मापं कागदावर लिहून मगच दुकानात जा. रिंग बसवण्याआधी सिलिंडरमधल्या प्रत्येक भोकाची धार मी हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं मारून घेतो, भुगा पुसून काढतो आणि थंड पेयाच्या बाटलीचं पातळ प्लास्टिक गुंडाळून त्यातून पिस्टन आत सरकवतो. जुनी रिंग काढायला सुई किंवा स्क्रू ड्रायव्हरचं टोक वापरू नका. खाचेत ओरखडा पडला की नवीन रिंगही गळणार. बांबूचं टोकदार काडुक पुरतं.

रबर कुठलं आणि तेल कुठलं

मशिनरी किंवा बेअरिंगच्या दुकानात काळी नायट्राइल ओ-रिंग मागा, ७० शोअर कडकपणाची. वॉटर फिल्टरवाल्याकडची सिलिकॉनची रिंग मऊ म्हणून छान बसते, पण ती सिलिकॉन तेलानं फुगते. ईपीडीएम नावाचं रबर खनिज तेलानं फुगतं. नायट्राइलला सिलिकॉन तेल चालतं, आणि तेही एक थेंब. बोटानं रिंगेवर फिरवा, बास. गंज सुटायला मारतात तो स्प्रे सीलवर मारू नका. सुकलेलं सील तो चार दिवस फुगवतो, पिस्तूल विकलं जातं, मग पुन्हा गळती. बाजारातल्या कित्येक "नुकतंच सर्व्हिस केलेल्या" पिस्तुलांचं रहस्य एवढंच असतं.

मूळ सील पॉलियुरेथेनचं असेल आणि पिस्तूल कोकणात किंवा मुंबईत वर्षानुवर्षं पडून असेल, तर ते दमट हवेनं चिकट, भुसभुशीत झालेलं सापडू शकतं. असं सील वाचवायच्या मागे लागू नका. त्याचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीवरून कापडानं पुसून काढा, खरवडू नका.

थोडक्यात उरलेल्या

टेफ्लॉन टेप ओ-रिंगच्या खाली कधीही गुंडाळायची नाही.

ओ-रिंग घासून बारीक करायची नाही. घासलेली रिंग गोल राहत नाही.

स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारंच टोक वापरा. स्प्रिंग असलेला भाग पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा.

सील बदलताना ट्रिगरला हात लावू नका. मॅच पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅमचा ट्रिगर लागतो आणि तो बसवणं हे स्वतंत्र काम आहे. दोन गोष्टी एकदम बदलल्या की बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही.

आवाजावरून "झालं" म्हणणं

टाळी वाजवल्यासारखा आवाज आला की लोक खूश होतात. आवाजावर जाऊ नका. क्लबमध्ये क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर दहा शॉट मोजा. ४६एममधून हलका पेलेट साधारण १४० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास निघायला हवा, पण मी आकड्यापेक्षा दहा शॉटमधला फरक बघतो. मग पाच शॉट हवा भरल्याबरोबर आणि पाच मिनिटभर थांबून घ्या. दोन्हींत ठळक फरक दिसला तर व्हॉल्व्ह अजून गळतोय. क्रोनोग्राफ नसेल तर पिस्तूल टेकूवर ठेवून हीच चाचणी कागदावर करा. पेलेट कुठे लागतात ते दिसतंच.

हवा भरून ठेवणं

एका स्ट्रोकचं पिस्तूल हवा भरून पेटीत ठेवू नका. सील रात्रभर दबून राहतं आणि चपटं होतं. सराव संपला की ट्रॅपकडे तोंड करून रिकामं करा. क्रॉसमन १३७७ सारख्या अनेक पंपांच्या पिस्तुलाची रीत उलटी आहे. त्यात एखादा पंप हवा आत ठेवतात, म्हणजे व्हॉल्व्ह बैठकीवर टेकून राहतो. परदेशातल्या नातेवाइकाकडे ते पिस्तूल बघून आलेले लोक इथे ४६एमलाही तोच नियम लावतात. पिस्तूल विकत घेताना ते पेटीत हवा भरलेलं सापडलं, तर व्हॉल्व्हच्या सीलचा खर्च धरूनच किंमत बोला.