कधी उघडतं, कधी पासवर्ड मागतं

सर्व्हरचं काम नव्याने हाती घेतलं असेल तर एक तक्रार नीट ऐकायला शिका: "मॅडम, कधी उघडतं, कधी पासवर्ड मागत बसतं." माझ्या वाट्याला ती पहिल्याच वर्षी आली. विंडोज सर्व्हर २००३ च्या एनएलबी (नेटवर्क लोड बॅलन्सिंग) क्लस्टरमध्ये, म्हणजे एकाच नावाने येणारं काम वाटून घेणाऱ्या सर्व्हरांच्या गटात, मी २००८ चा एक नोड (गटातला सर्व्हर) जोडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. तीनदा पासवर्ड टाका, मग ४०१, म्हणजे 'ओळख पटली नाही'.

संशय अर्थातच लोड बॅलन्सिंगवर. अ‍ॅफिनिटी, म्हणजे एका क्लायंटला दरवेळी एकाच नोडकडे पाठवायचं का ही सेटिंग, 'नन' होती, ती 'सिंगल' केली. आता वेगळंच सुरू झालं. आधी सगळ्यांनाच अधूनमधून त्रास होत होता, आता ठरावीक लोकांना कायमचा. मला वाटलं, आपण आणखी बिघडवून ठेवलं. खरं तर उत्तर तिथेच होतं, कारण अडकणारे सगळे एकाच नोडवर जात होते. नवा नोड ड्रेनस्टॉप केला (चालू कनेक्शन संपू दिली, नवी घेणं बंद) आणि फोन थांबले.

एनएलबीचा यात काडीचाही दोष नव्हता. ते कनेक्शन वाटून मोकळं होतं. आत आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) धड आहे की नाही, याची त्याला खबरही नसते.

गोची कर्बरॉसमध्ये, म्हणजे तिकीट दाखवून ओळख पटवण्याच्या पद्धतीत, होती. साइटचं नाव, म्हणजे एसपीएन, ज्या खात्यावर नोंदलेलं असतं, त्या खात्याच्या किल्लीने तिकीट बंद होतं. क्लस्टरचं नाव दोन्ही नोडचं सामाईक, म्हणून ते अ‍ॅप पूलच्या (साइट चालवणाऱ्या प्रोसेसच्या) डोमेन खात्यावर नोंदलेलं होतं. २००३ वरचं आयआयएस ६ त्याच खात्याने तिकीट उघडतं. २००८ वरच्या आयआयएस ७ मध्ये मात्र कर्नल-मोड ऑथेंटिकेशन (ओळख थेट विंडोजच्या गाभ्यात तपासणं) मुळातच चालू असतं, आणि ते मशीनच्या स्वतःच्या खात्याची किल्ली लावून बघतं. कुलूप कसं उघडणार? क्लायंटच्या सिस्टिम लॉगमध्ये 'केआरबी_एपी_ईआरआर_मॉडिफाइड', म्हणजे तिकीट उघडलं नाही, असं पडलेलं होतं. मी तिथे बघितलंच नव्हतं. शेवटी नव्या नोडच्या कॉन्फिगमध्ये 'यूजअ‍ॅपपूलक्रेडेन्शियल्स' ट्रू केलं, म्हणजे अ‍ॅप पूलच्या खात्याची किल्ली वापर असं सांगितलं. एका ओळीचं काम.

तपासताना दोन ठिकाणी फसाल. नोडवर बसून क्लस्टरचं नाव उघडू नका: विनंती त्याच नोडकडे वळते, शिवाय विंडोजची लूपबॅक तपासणी (मशीनने स्वतःलाच दुसऱ्या नावाने हाक मारली की अडवणारी) स्वतःचं वेगळं ४०१ देते. माझा अर्धा दिवस त्यात गेला. आणि आयपी पत्ता टाकून "चालतंय की" म्हणू नका, तेव्हा बहुधा कर्बरॉस नाही, एनटीएलएम ही जुनी पद्धत चालत असते.

एसपीएन नोंदवताना 'सेटएसपीएन' कमांडला '-एस' द्या, '-ए' नको. '-एस' आधी तेच नाव दुसऱ्या खात्यावर नाही ना, हे बघतं. जुनी डुप्लिकेट शोधायला '-एक्स' आहे.

आता मी प्रत्येक नोडवर एकाच नावाची छोटी टेक्स्ट फाइल ठेवते, आत फक्त त्या नोडचं नाव. तक्रार आली की ती उघडायला सांगते आणि समोरच्याला विचारते, "काय दिसतंय?"